‘लेकरासाठी नेताय का मॅडम?’

ढाळजेतली (परभणी)

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. कापसाचा हंगाम असला की डोकं वर काढता येत नाही. गाड्या, काट्याच्या पावत्या, गाठी, सरकी. रात्री घरी आल्यावर भाकरी-पिठलं उरकलं की अर्धा-पाऊण तास माझा. त्या वेळात मी गेली तीन वर्षं किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचतेय. अनुवादित जास्त, मराठी मिळतील तशा. वय वर्षं ४४.

वाचनालयातल्या काकांनी पहिल्या वेळी सहज विचारलं, "लेकरासाठी नेताय का मॅडम?" मी म्हणाले, "हो." लेकरू पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मेसच्या मेनूपलीकडं काही वाचत नाही. पण ते 'हो' मी तीन वर्षं निभावलं. काका विचारतात, "आवडलं का त्याला?" मी सांगते, "लई आवडलं, दोन दिवसांत संपवलं."

आता मूळ मुद्दा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा वाचक कट्टा भरतो. पंधरा-वीस माणसं, एकानं एका पुस्तकावर बोलायचं, मग चहा. या वेळी पाळी माझी होती. मी अशीच एक कादंबरी घेऊन उभी राहिले. सोळा वर्षांची मुलगी, घरचे तिच्याबद्दल एक निर्णय घेतात, ती 'नाही' म्हणते, आणि पुढची दोनशे पानं त्या एका शब्दाची किंमत चुकवते. दहा मिनिटं बोलले, बरी बोलले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "छान. पुढच्या महिन्यात कुणीतरी अंकलिपी आणा." सगळे हसले. मीही हसले, आणि तेच आठ दिवस झाले टोचतंय.

मी सोळाची होते तेव्हा मला बघायला पाहुणे आले होते. बारावीची परीक्षा मी लग्न झाल्यावर दिली. कुणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. नवरा भला आहे, संसार नीट आहे, सांत्वनाचे प्रतिसाद देऊ नका. सांगायचं एवढंच की त्या वयात अशी एखादी मुलगी पुस्तकातसुद्धा माझ्या ओळखीची नव्हती. चांदोबा सुटला होता आणि भावाच्या कपाटात एकदम मृत्युंजय. मधली पायरीच नाही.

तर मोठ्या माणसानं ही पुस्तकं वाचण्यात लाजण्यासारखं नेमकं काय आहे? उत्तर हवंय, समजूत नको.

हुरडा_पार्टी (जालना)

वाचतोय. पुस्तकाचं नाव काय?

बालाघाट (बीड)

अंकलिपीवाल्यांना विचारा, शेवटचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत कधी वाचलं होतं. आमच्याकडं एक साहेब चार वर्षं झाली एकाच जाड कादंबरीवर बोलायलेत. दर वेळी पहिल्या पन्नास पानांतलंच उदाहरण देतात. पुढं बोटच गेलेलं नाही.

गोदाकाठचा_म्हातारा (नांदेड)

तो शेरा असभ्य होता. त्यावर दुमत नाही. पण ताईंनी उत्तर मागितलं आहे, म्हणून लिहितो. मी ३१ वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं, तेव्हा थोडं लांबेल.

कुमारांसाठी लिहिणारा लेखक एक मर्यादा मान्य करून बसतो: वाचकाला फार वेळ अंधारात ठेवायचं नाही. नायिका दुखावली, की पुढच्या ओळीत ती दुखावल्याचं सांगितलं जातं. वाईट माणूस लांबून ओळखू येतो. शेवटी कुठली तरी खिडकी उघडते. चौदा वर्षांच्या मुलाला याची गरज असते. मी नातवाला हीच पुस्तकं आणून देतो. पण चाळिशी उलटलेल्या वाचकानं अधूनमधून असं पुस्तक धरावं जे त्याची बाजू घेत नाही. बी. रघुनाथ तुमच्याच परभणीचे. त्यांच्या कथा वाचताना कुणी पाठीवर हात ठेवत नाही. आज त्यांच्या गावात त्या किती जण वाचतात?

थोडं घरचं सांगतो. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. हिशेब उर्दूत, अर्ज उर्दूत. घरात मराठी होती ती पोथीत आणि जात्यावर. १९४८ च्या सप्टेंबरनंतर दिवस पालटले, तेव्हा त्यांनी पस्तिशीत ज्ञानेश्वरी काढली. बोटानं ओळ धरून, अडखळत. त्यांना कुणी सोपी आवृत्ती दिली नव्हती. आमच्या पिढीला वाचनाचा जो ताठा आहे तो तिथून आलेला आहे. तो उगाच आलेला नाही, एवढंच.

ढाळजेतली

सर, मनापासून लिहिलंत. एकच म्हणते. तुमच्या वडलांना जे दहाव्या वर्षी मिळायला हवं होतं ते त्यांनी पस्तिशीत वाचलं. त्यांना कुणी म्हणालं का, की आता तुमचं वय गेलं?

हुरडा_पार्टी

सिक्सर. पण पुस्तकाचं नाव?

आठवी_रांग (छत्रपती संभाजीनगर)

हे भांडण आपल्याकडं नवं आहे, इंग्रजीत जुनं. काही गोष्टी नोंदवतो.

हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ चा. वर्षा-दोन वर्षांत ब्रिटनमधल्या प्रकाशकानं तेच पुस्तक मोठ्यांसाठी वेगळ्या, गंभीर चेहऱ्याच्या मुखपृष्ठात काढलं. आतला मजकूर तोच. रेल्वेत चारचौघांत उघडायला संकोच वाटू नये, एवढ्यासाठी. म्हणजे लाज गोष्टीची नव्हतीच, वेष्टनाची होती.

२००० च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सनं खपाच्या मुख्य यादीतून मुलांची पुस्तकं बाहेर काढली आणि वेगळी यादी केली. हॅरी पॉटरच्या भागांनी वरच्या जागा अडवून धरल्या होत्या आणि बाकीचे प्रकाशक कुरकुरत होते.

२०१२ मध्ये बोकर या पुस्तकबाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीनं अमेरिकेतले आकडे दिले. १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून जास्त वयाचे. त्यातला सगळ्यात मोठा गट ३० ते ४४ चा. लेकरासाठी घेत असतील म्हणाल, तर तेही विचारलं होतं: ७८ टक्के वेळा स्वतःला वाचायला. ढाळजेतली ताई, तुम्ही त्या गटात अगदी काठावर का होईना, बसताय.

मग २०१४ मध्ये रूथ ग्रॅहम यांनी 'स्लेट' या अमेरिकी वेब-मासिकात लेख लिहिला, की वाचा हवं ते, पण मुलांसाठीचं वाचत असाल तर थोडी लाज वाटू द्या. त्यावर रान पेटलं. त्यांचाही रोख सरांसारखाच होता: या पुस्तकांचे शेवट फार समाधान देतात, आणि नायक-नायिकेच्या नजरेबाहेर उभं राहून बघायला जागा ठेवत नाहीत. मला तो लेख पटला नाही, पण तो मूर्खपणाचा नव्हता.

गोदाकाठचा_म्हातारा

खपानं काही सिद्ध होत नाही. तसं असतं तर आपल्याकडं पंचांगाला श्रेष्ठ ग्रंथ म्हणावं लागेल. ग्रॅहम बाई काय म्हणाल्या ते मात्र मला कळतं. वडलांबद्दलच्या प्रश्नाला माझ्याकडं तूर्त उत्तर नाही. विचार करतो.

नीट_नेटकी (लातूर, आता मुक्काम नांदेड)

मी २५ ची आहे. इथं सगळे काका-काकू दिसतायत, तरी घुसते.

दहावीनंतर लातूरला क्लास. खोलीत चौघी. भिंतीला आवर्त सारणी, उशाला एनसीईआरटीचं जीवशास्त्र, ते इतकं पाठ की कुठलं चित्र कुठल्या पानावर ते झोपेत सांगावं. रविवारी टेस्ट, संध्याकाळी निकालाचा मेसेज थेट पप्पांच्या मोबाइलवर. हॉस्टेलला अवांतर पुस्तक सापडलं तर ते जप्त करून घरी फोन जायचा. मैत्रिणीची एक कादंबरी आम्ही फिजिक्सच्या वहीचं कव्हर घालून चौघींनी फिरवली होती. वरच्या पोस्टमधल्या ब्रिटिश प्रकाशकाला सांगा, आम्ही हे फुकटात केलं.

सोळा ते अठरा म्हणजे म्हणे प्रेमाचं, बंडाचं, मैत्रीचं वय. आमचं ते वय ओएमआर शीटवर काळे गोळे करण्यात गेलं. दोनदा रिपीट केलं. मग बीएएमएसला नंबर लागला आणि तिथं, विसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचली. रात्रभर रडले. गोष्ट तशी साधीच होती. पण तिच्या शाळेत गॅदरिंग होतं आणि ती त्यात होती, एवढ्यावर रडले.

फास्टर फेणेचा २०१७ चा सिनेमा आठवतो का? भा. रा. भागवतांचा शाळकरी बन्या त्यात मोठा झालाय, आणि पुण्यात येतो तो कशाला? मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला! आमच्या हॉस्टेलवर त्याला कुणी सोडलंच नसतं.

सास्तूर_फाटा (धाराशिव)

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, भूकंपाची पहाट. मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपतीची मिरवणूक, गुलाल अंगावर तसाच. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे, ते लिहीत नाही.

आठ-दहा दिवसांनी मदतीचे ट्रक यायले. भांडी, ब्लँकेट, कपडे, बिस्किटं. एका ट्रकमधी पुस्तकांची खोकी होती, कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या शाळेतनं जमा केलेली. वाटणारी पोरं चांगली होती, शिस्तीत रांग लावली. लहान मुलांना पुस्तक आणि बिस्किटपुडा, मोठ्यांना सतरंजी. माझ्यापाशी आल्यावर त्यातला एक थांबला. वर-खाली बघितलं आणि विचारलं, "लहान का मोठा?"

मी म्हणलं, मोठा. घरात सतरंजी पाहिजे होती.

माझ्या पुढच्या पोराला मिळालेलं पुस्तक मला अजून दिसतं. कव्हरवर एक मुलगा होडीत बसलेला. त्यानं ते वाचलं का नाही, ठाव नाही. नंतर पत्र्याच्या शेडमधी शाळा, मग शेती, मग भावाबहिणींची लग्नं. आता पोरगी आठवीत आहे. तिच्यासाठी म्हणून पुस्तकं आणतो आणि तिच्याआधी वाचतो. ती म्हणते, पप्पा, पानं दुमडू नका. पण ते होडीचं पुस्तक काही सापडलं नाही, नावच माहीत नाही तर कसं सापडंल.

सर, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. अंधारात ठेवणारी पुस्तकं चांगली असतील. मला अंधारात आणखी जायचं नाही.

बालाघाट

या प्रतिसादानंतर धागा वाचनमात्र केला तरी चालंल.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

वाचनमात्र नको, मला भांडायचंय. दोन्ही बाजूंशी.

आपण 'मुलांविषयीचं' आणि 'मुलांसाठीचं' यांची खिचडी करतोय. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी आहे. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' कादंबरीतली पोरं नववीत आहेत, बाहेर आणीबाणी चालू आहे. ही पुस्तकं कट्ट्यावर काढली तर कुणी अंकलिपी म्हणत नाही. का? मौज प्रकाशनानं काढली, कव्हर सभ्य आहे, म्हणून. तीच गोष्ट रंगीत मुखपृष्ठात 'कुमारांसाठी' असा शिक्का मारून आली असती तर बालविभागात गेली असती.

आणि श्यामची आई. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक. आपण ते पाचवीतल्या पोराच्या हातात बक्षीस म्हणून कोंबतो. पण त्यात गोष्ट सांगतो कोण आणि ऐकतं कोण? मोठा झालेला श्याम, रात्री प्रार्थना झाल्यावर, आश्रमातल्या आपल्या मित्रांना. बेचाळीस रात्री बाप्ये बसून एका पोराच्या आईची गोष्ट ऐकतायत आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

शब्दाचीही पंचाईत आहे. इंग्रजीत 'यंग ॲडल्ट' म्हणतात. आपण काय म्हणणार? कुमार म्हटलं की निबंध स्पर्धा आठवते. किशोर म्हटलं की बालभारतीचं मासिक. १९७१ पासून निघणारं ते मासिक सोन्यासारखं आहे, पण ते सतराव्या वर्षी कोण धरतं? युवा म्हटलं की साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, तिथं मोजतात ते लिहिणाऱ्याचं वय, पस्तिशीच्या आतलं. वाचणारा सतरा वर्षांचा जीव कुणाच्याच यादीत नाही.

गोदाकाठचा_म्हातारा

लंपनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. लंपनला जे कळत नाही ते आपल्याला कळतं. त्याच्या आणि आपल्या समजेत जी फट आहे, तिच्यात त्या कथा घडतात. ती फट ठेवणं हे प्रौढ वाङ्मयाचं काम. मुलांसाठी लिहिणारा ती बुजवतो, वाचक कोड्यात पडू नये म्हणून. प्रकाशक आणि कव्हर हा मुद्दा गौण.

ढाळजेतली

सर, इथं मला पकडायचं होतं तुम्हाला.

माझ्या त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. मुलगी घर सोडायच्या आदल्या रात्री आईला सांगते. आई काही बोलत नाही, भांडी आपटते. मुलगी म्हणते, आई रागावली. पुस्तकात एवढंच आहे. सोळा वर्षांच्या वाचकाला तेवढंच दिसंल. मी ४४ ची. मला दिसलं की आई रागावलेली नाही, ती घाबरलेली आहे, आणि तिला कदाचित हेवाही वाटतोय. लेखिकेनं यातलं काही लिहिलेलं नाही. तुम्ही म्हणता ती फट माझ्या वयानं पाडली. म्हणजे हेच पुस्तक मी सोळाव्या वर्षी वाचलं असतं तर मुलीचं झालं असतं, आत्ता वाचलं तर दोघींचं झालं.

गोदाकाठचा_म्हातारा

हा मुद्दा मला सुचला नव्हता. वर्गात कुणी मांडला असता तर तास संपला तरी सोडला नसता.

पण मग श्रेय पुस्तकाचं की तुमचं?

कडबाकुट्टी (हिंगोली)

कशाला एवढा काथ्याकूट! हे कोसला-बिसला वाचणारे सगळे ढोंगी. कुणालाच काही कळत नाही, मान हलवतात. सोपं तेच खरं.

ढाळजेतली

असं नका हो. कोसला मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा जास्त आवडली. मला अंकलिपी म्हणणारे आणि तुम्ही, दोघंही दुसऱ्याला काय आवडलं ते त्याच्याआधी ठरवून टाकताय.

देवणी_खोंड (उदगीर)

एक आठवण. एप्रिल २०२२ मध्ये आमच्या उदगीरला ९५ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष भारत सासणे. तेच सासणे मुलांसाठी रहस्यकथाही लिहितात, आणि २०२४ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांच्याच 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला. संमेलनाध्यक्षाला भूतबंगला लिहायला लाज वाटत नाही आणि आपल्याला वाचायला वाटते.

(अवांतर: ऊन असं होतं की मांडवात हातातल्या पुस्तकानं वारा घेत होतो. तेव्हा कुणी विचारलं नाही, हे कुठल्या वयोगटाचं.)

अबकड (हिंगोली जिल्हा)

मी एका 'क' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात कामाला आहे. १९६७ च्या कायद्यानं वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग पडतात आणि त्यावर अनुदान. वाचकांना वर्ग अजून पाडलेले नाहीत, तेवढं नशीब.

माझी अडचण ऐका. कपाटं दोनच: बाल आणि कादंबरी. सोळा वर्षांच्या नायिकेचं पुस्तक आलं की मी ते हातात घेऊन उभा. कादंबरीत लावलं तर मोठी माणसं दोन दिवसांत परत आणतात, "अहो, हे लेकरांचं आहे." बालमध्ये लावलं तर पाचवीतलं पोरगं नेतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याची माय येऊन भांडते, "यात चुंबन आहे." म्हणून अशी पाच-सहा पुस्तकं माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधी पडून आहेत. कोण विचारलं तर देतो. कोण विचारत नाही, कारण ती आहेत हे कुणाला माहीतच नाही.

आणि ढाळजेतली ताई, आमच्याकडं बालसभासदांचं रजिस्टर वेगळं असतं. "लेकरासाठी का" हे आम्ही टोमणा म्हणून विचारत नाही. नोंद कुठल्या रजिस्टरला करायची ते कळायला विचारतो.

ढाळजेतली

अरे देवा. म्हणजे मी तीन वर्षं खोटं बोलले ते रजिस्टरसाठी?

नीट_नेटकी

मला हसू आवरत नाहीये. ड्रॉवरवाल्या दादा, तुमचं गाव कुठलं ते व्यनि (खासगी निरोप) करा.

सास्तूर_फाटा

मलाही. त्यात होडीचं एखादं असलं तर सांगा.

ढाळजेतली (चार दिवसांनी)

अपडेट. शनिवारी वाचनालयात गेले. काकांना सांगितलं, "काका, ही पुस्तकं लेकरू वाचत नाही, मी वाचते." वाटलं होतं चष्म्यातून बघतील, काहीतरी बोलतील. काका म्हणाले, "बरं. मग एकच मिळंल. लेकराच्या नावावर जास्तीचं एक देत होतो." आणि माझ्या कार्डावर एकाची नोंद करून दुसरं पुस्तक परत कपाटात ठेवून दिलं.

हुरडा_पार्टी

ताई, एवढे प्रतिसाद झाले. आता तरी नाव सांगा की पुस्तकाचं.

ढाळजेतली

नाही सांगणार. तीन भाग आहेत, वाचनालयात एकेकच प्रत आहे, तिसरा अजून माझ्याकडं यायचाय, आणि आता कार्डावर एकच पुस्तक.